९५ गिगाहर्ट्‌झचा 'हीट रे': किरण, तरंग की झळ?

भुसावळकर: मिलिमीटर लहरींच्या, म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींच्या, लष्करी वापरावरचा एक लेख आमच्या विज्ञान मंडळाच्या अंकासाठी मराठीत करतोय. अमेरिकेच्या 'अ‍ॅक्टिव्ह डिनायल सिस्टिम' या शस्त्रापाशी अडलो, इंग्रजीत त्याचं टोपणनाव 'हीट रे'. गाडीवरच्या अँटेनातून ९५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसावर सोडतात. कातडीत त्या जेमतेम ०.४ मिमी शिरतात, पण आग अशी होते की माणूस आपसूक बाजूला पळतो. २०१० मध्ये अफगाणिस्तानात नेली, न वापरताच परत आणली. मी 'वेदनाकिरण' लिहिलं, संपादकांनी 'वेदनातरंग' केलं. बरोबर कोण?

तापीकाठ: संपादक. रेडिओच्या जातीचं ते सगळं तरंग. किरण प्रकाशाचे.

चाळीसगाव_मास्तर: मग क्ष-किरणांचं काय? तेही विद्युतचुंबकीय तरंगच. वर्गात 'क्ष-तरंग' म्हणून बघा, एकही पोरगं ओळखणार नाही.

धुळ्याची_ताई: मलाही 'किरण' नको, पण कारण वेगळं. किरण म्हटलं की लोकांना किरणोत्सर्ग आणि कॅन्सर आठवतो. या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जाच नसते, त्या नुसत्या तापवतात. पण म्हणून शस्त्र निरुपद्रवी नाही. २००७ च्या एका चाचणीत हवाई दलाचा जवान भाजला होता, दुसऱ्या दर्जाचं भाजणं. 'वेदना' हा शब्द मात्र कोणी काढू नका. 'नकार प्रणाली' असलं गुळगुळीत काही लिहिलंत तर मी अंक वाचणार नाही.

यावलचे_आबा: 'झळ' म्हणा की. चटका बसायला हात लागावा लागतो, झळ लांबून लागते. वैशाखात केळीच्या बागेतून डांबरी रस्त्यावर पाय टाकला की कळतं. आमच्या आजीच्या तोंडी 'झय'. झळास्त्र!

तापीकाठ: आबा, झळ आला 'ज्वाला'वरून. मग सरळ 'ज्वालास्त्र' करा, शुद्ध तरी राहील.

चाळीसगाव_मास्तर: ज्वाला डोळ्यांना दिसते, इथे काहीच दिसत नाही. आणि झळकणे, झळाळणे यांत जाळ कुठाय? चकाकी आहे. आबांचा 'झय' मात्र अस्सल. अहिराणीत ळ चा य होतोच: डोया, केयी.

वरणगाव_निवृत्त: एकाच शस्त्रावर किती बसणार? या लहरींचं मोठं काम नेम धरण्याचं. अपाची हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या डोक्यावरचं लाँगबो रडार ३५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचं, ब्रिटिशांच्या ब्रिमस्टोन क्षेपणास्त्राचा शोधक ९४ चा. लहर आखूड, म्हणून छोट्या अँटेनातूनही झोत बारीक राहतो, आणि धुरातून, धुरळ्यातून लक्ष्य सापडतं. जोरदार पाऊस मात्र आडवा येतो. ३५ आणि ९४ च का? तिथे हवा लहरींना कमी शोषते. ६० ला ऑक्सिजन गिळतो, म्हणून ६० वरचं बोलणं दूरच्या शत्रूच्या कानी पडत नाही. त्या मोकळ्या पट्ट्यांना इंग्रजीत 'विंडो' म्हणतात. मराठीत काय लिहाल?

तापीकाठ: गवाक्ष.

यावलचे_आबा: वाट. हवेतली वाट.

धुळ्याची_ताई: आबांचं पटलं. गवाक्षातून बघतात, वाटेनं जातात. लहर जाते.

तापीकाठ: ताई, उद्या 'रडार'लाही मराठी शब्द नको म्हणाल.

धुळ्याची_ताई: नकोच. रडार आता आपलाच आहे.

भुसावळकर: अंक शनिवारी छापायला जातोय. किरण की तरंग?

वरणगाव_निवृत्त: भाऊ, लेखात 'धूळ' लिहिलं असेल तर आधी ते बदला. धूळ खाली बसलेली, उडतो तो धुरळा. रडार धुरळ्यातून बघतं.

चाळीसगाव_मास्तर: हे काही मला पटत नाही. मग 'धुळीचं वादळ' कसं म्हणतात?