मदत हवी आहे: भूकंपाच्या स्मारकाला पडक्या घरांचेच दगड वापरावेत का?

आम्ही किल्लारी भागातल्या एका पुनर्वसित गावातले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं नुकती कुठं झोपली होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. तेच अंगावर आलं.

आता जुन्या गावठाणात शिल्प उभारायचं ठरतंय. काहींना पुतळे हवेत. मला वाटतं, त्याच दगडांची एक भिंत असावी आणि तिच्यात रोज दिवा लावता येईल अशी देवळी. पण आजी म्हणते, "ज्या दगडांनी माणसं नेली, त्यांच्यापुढं हात जोडायचे?" तिचे दोन लेक त्या पहाटे गेले. तिला काय सांगू?

कुणी शिल्पकार, पाथरवट असाल तर सांगा: काळ्या दगडावर कोरलेली नावं ऊनपावसात किती वर्षं वाचता येतात? अक्षरांत रंग भरावा की नुसतं खोल कोरावं? भिंत पुढच्या धक्क्यालाही उभी राहावी म्हणून आतून काय करावं लागेल? आणि बारशाआधीच गेलेल्या लेकरांची नोंद कशी करावी?