कॉमन रूमचं गेमचं मशिन: आत्ता घ्यायचं की पुढच्याची वाट बघायची?

चेअरमन काका (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. वरच्या कॉमन रूमसाठी मुलांचं गेमचं मशिन घ्यायचं मागच्या मीटिंगला ठरलं आहे. गणपतीची शिल्लक धरून ६०,००० पर्यंत मंजुरी आहे. टीव्ही आहेच. कुठलं घ्यावं ते ज्यांना कळतं त्यांनी आजच सांगावे. उद्या मी गड्ड्याच्या जत्रेला जाणार, तिथं फोन लागत नाही.

ओंकार (सी-३०४): काका आत्ता घेऊच नका. सोनीचा पीएस६, म्हणजे प्लेस्टेशन ६ येतोय. पीएस५ नोव्हेंबर २०२० चा आहे, जुना माल झाला.

देशपांडे काका (ए-२०२): *फॉरवर्ड केलेला मेसेज* खुशखबर!! प्लेस्टेशन ६ चे बुकिंग सुरू. फक्त ९९९ भरा व आपला नंबर लावा. खालील लिंकवर…

शुभम (बी-४०३): देशपांडे काका, ती लिंक दाबू नका, मेसेज डिलीट करा. सोनीने त्या मशिनची तारीख नाही, किंमत नाही, काहीच जाहीर केलेलं नाही. बुकिंग कसलं घेताय!

देशपांडे काका (ए-२०२): मला पुतण्याने पाठवले. असो.

कुलकर्णी वहिनी, खजिनदार (बी-१०२): मग ओंकार कशाच्या जोरावर म्हणतोय येतोय म्हणून?

ओंकार (सी-३०४): काकू, ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक हुइन दोघांनी मिळून व्हिडिओ केलाय. प्रोजेक्ट ॲमेथिस्ट. रेडियन्स कोअर, न्यूरल ॲरे, युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. पुढच्या कन्सोलमध्ये, म्हणजे गेमच्या मशिनमध्ये हे आणायचंय असं सर्नी स्वतः म्हणाले. आणखी काय पुरावा पाहिजे की.

शुभम (बी-४०३): शेवटपर्यंत बघितलास का बे? त्यातच सांगितलंय, हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नमुन्यात आहे आणि कन्सोल यायला काही वर्षं आहेत. तोवर आपली पोरं कॉलेजला जातील.

कुलकर्णी वहिनी, खजिनदार (बी-१०२): ते कोअर बिअर काय ते जरा आम्हाला समजेल असं सांगा. पैसे आमच्या सहीने जाणार आहेत.

शुभम (बी-४०३): सांगतो वहिनी. गेममध्ये दिवा लागला की उजेड भिंतीवर पडतो, भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून माणसाच्या तोंडावर. हे खरं दिसायचं तर एकेक किरण कुठे आपटला, पुढे कुठे गेला याचा हिशोब लागतो. त्याला रे ट्रेसिंग म्हणतात. हा हिशोब भयंकर जड आहे. तेवढ्यासाठी चिपमध्ये वेगळी जागा राखायची, ते रेडियन्स कोअर.
दुसरं, चित्र आधी लहान काढायचं आणि एआयने मोठं, स्वच्छ करायचं. पीएस५ चा वरचा मॉडेल आहे पीएस५ प्रो, त्यात हे आत्ताच आहे. ते आणखी चांगलं जमावं म्हणून ग्राफिक्स चिपमधले सुटे सुटे भाग एकमेकांना जोडून कामाला लावायचे, ते न्यूरल ॲरे. तिसरं, चिप आणि मेमरीमध्ये जी माहिती सारखी ये-जा करते ती दाबून लहान करून पाठवायची, ते युनिव्हर्सल कॉम्प्रेशन.
तिन्हींत एक गोष्ट बघा. नुसता जोर वाढवू असं कुणीच म्हणत नाहीये. आहे त्या जोरात काम कसं भागवायचं, एवढंच चाललंय.

ओंकार (सी-३०४): म्हणजे काय, पीएस६ पॉवरफुल नसणार?

शुभम (बी-४०३): असणार की. पण तुला वाटतो तसा धक्का बसणार नाही. मेमरीचंच बघ. पहिल्या प्लेस्टेशनला २ एमबी. पीएस२ ला ३२ एमबी. पीएस३ ला दोन्ही मिळून ५१२ एमबी. पीएस४ ला ८ जीबी. दर वेळी सोळा पट, बरोबर सोळा पट. आणि पीएस५ ला? १६ जीबी. दुप्पट, बास. पुढच्या वेळी सोळा पट म्हटलं तर २५६ जीबी लागेल, ते कोण देणार? त्यात २०२५ पासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवलेत. माझ्या ऑफिसात नवीन लॅपटॉपची ऑर्डर रॅमच्या भावासाठी अडलीय. कन्सोलवाल्यांना काय वेगळ्या भावाने मिळणार?

रेश्मा (सी-१०१): मधेच विचारते, सॉरी. पाणी उद्या पहाटे आहे की परवा?

चेअरमन काका (ए-१०१): उद्या. सर्वांनी वरच्या टाकीचे व्हॉल्व्ह बघून घ्यावेत. चर्चा चालू द्या.

देशपांडे काका (ए-२०२): पण इलेक्ट्रॉनिक वस्तू थांबलं की स्वस्त होते. आपला अनुभव आहे. टीव्हीचं काय झालं?

शुभम (बी-४०३): काका, कन्सोलचंही पूर्वी तसंच होतं. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. कारण चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान व्हायची, लहान झाली की स्वस्त पडायची. आता चिप लहान होते पण स्वस्त होत नाही, नवीन फॅक्टरीतला माल उलट महाग पडतो. पीएस५ चा डिस्कवाला अमेरिकेत २०२० ला ४९९ होता, ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ केला. भारतात फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ने सुरुवात झाली, २०२४ मध्ये त्याचाच बारीक मॉडेल स्लिम आला तो ५४,९९० ला. तीन वर्षं थांबलेल्या माणसाने पाच हजार जास्तच मोजले. पुढच्या मशिनकडून माझी पहिली अपेक्षा विचाराल तर किंमत आवाक्यात ठेवली तरी उपकार. टेराफ्लॉप, म्हणजे ग्राफिक्सच्या हिशोबाचा वेग, नंतर बघू.

ओंकार (सी-३०४): मग प्रो घ्या ना बे. १६.७ टेराफ्लॉप. साधा १०.२८ वर आहे.

शुभम (बी-४०३): प्रो नोव्हेंबर २०२४ ला जगात आला तेव्हा भारताचं नाव यादीत नव्हतं. त्यातल्या वायफाय ७ ला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, त्याला तेव्हा आपल्याकडे परवानगी नव्हती. हे पुढच्या पिढीलाही लक्षात ठेव. साधा पीएस५ सुद्धा आपल्याकडे जवळजवळ तीन महिने उशिरा आला. तिकडे लाँच झाला म्हणजे सोलापुरात नवी पेठेत आला असं होत नाही.
आणि आपला टीव्ही ४३ इंची, ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. १२० फ्रेम काढणारं मशिन आणलं तरी टीव्ही दाखवणार साठच. पीएस५ च्या पहिल्या डब्यावर ८के (४के च्या चौपट बारीक चित्र) पण छापलं होतं, कुणी बघितलं का ८के?

सिद्राम अण्णा (ए-३०३): माझं एक ऐका. मी दुकानात रोज मशिनं उघडतो. तुम्ही सगळे चिप चिप करून राहिलात, खोलीचं काय? कॉमन रूमला वर पत्रा आहे. पीएस५ च्या कागदावर चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. आपल्याकडं एप्रिलमध्ये बाहेरच ४२-४३ असतं. पत्र्याखाली किती, ते तुम्हीच बोला.

कुलकर्णी वहिनी, खजिनदार (बी-१०२): हे कुणी बोललंच नव्हतं.

सिद्राम अण्णा (ए-३०३): गेम चालू असताना ते मशिन दोनशे वॉटच्या आसपास ओढतं. ती सगळी गरमी त्याच खोलीत. त्यात चिपवर नेहमीची पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे. सोनीने २०२० मध्ये स्वतः उघडून दाखवलंय. थंड चांगलं करतं, पण कुणी हौशीने उघडून इकडेतिकडे सांडलं तर बोर्ड गेला. धूळ साठायला आत दोन खाचा दिल्यात, तिथून व्हॅक्यूमने ओढता येते. ते बरं केलंय. पण कापडाच्या कारखान्यांच्या बाजूने माझ्याकडं जे लॅपटॉप येतात त्यात धुळीपेक्षा कापसाचे तंतू जास्त निघतात, पंख्याला चादर विणल्यासारखे. नवीन मशिन बनवणाऱ्यांनी एक उन्हाळा इथं काढावा. ४५ अंशाला चालेल असं लिहून द्या म्हणावं, मग घेऊ तुमचं एआय.

ओंकार (सी-३०४): 😂 अण्णा लई भारी

शुभम (बी-४०३): अण्णांचं शंभर टक्के. वीज कमी खाणारं मशिन ही माझी खरी मागणी आहे. कमी वॉट म्हणजे कमी गरमी, कमी गरमी म्हणजे पंखा कमी बोंबलणार.

रेश्मा (सी-१०१): लहान मुलांसाठी तो निन्टेंडोचा बघा ना. हातात घेऊन खेळता येतो.

शुभम (बी-४०३): ताई, स्विच २ जून २०२५ ला आला, छान आहे. १२० हर्ट्झचा स्क्रीन, चित्र एआयने मोठं करायची सोय, मेमरी १२ जीबी. पण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. बाहेरून आणलेला घ्यावा लागतो, बिघडला की वॉरंटी कुठे मागायची? सोसायटीच्या पैशाने नको. शिवाय त्याच्या बऱ्याच गेमच्या कार्डात गेमच नसते. कार्ड म्हणजे नुसती किल्ली, गेम नेटवरून उतरवायची.

कुलकर्णी वहिनी, खजिनदार (बी-१०२): कार्ड विकत घेऊन परत डाउनलोड? आपल्या वरच्या खोलीत नेट किती येतं ते सर्वांना माहीत आहे.

शुभम (बी-४०३): इथेच माझा मुद्दा आहे वहिनी. पुढच्या पिढीत मला सगळ्यात जास्त भीती डिस्कची आहे. प्रो मध्ये डिस्कचा ड्राइव्ह नाहीच, वेगळा घ्यायचा. स्लिममध्ये तो काढता-घालता येतो, आणि नवीन ड्राइव्ह जोडताना एकदा नेट लागतं. उद्या ड्राइव्ह अजिबातच नाही म्हणाले तर आपल्यासारख्यांचं अवघड आहे. डिस्क असली की ए विंगची गेम बी विंग खेळते, खेळून झाली की निम्म्या भावाने विकता येते. डाउनलोड केलेली गेम एका खात्याला चिकटते. शंभर जीबीची गेम उतरवायला आपल्या नेटवर रात्र जाते, ती वेगळीच.
म्हणून मी म्हणतो, डिस्कचा पीएस५ आत्ता घ्या. मोठा फायदा म्हणजे पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या गेम त्यावर चालतात. जुन्या डिस्का स्वस्तात मिळतात, निम्म्या तर आपल्याच बिल्डिंगमध्ये पडून आहेत.

ओंकार (सी-३०४): पीएस३ च्या चालतात का? दादाच्या खूप आहेत.

शुभम (बी-४०३): नाही. पीएस३ चा सेल प्रोसेसर फारच निराळा होता. पुढच्याने जुनं सगळं चालवावं ही अपेक्षा मात्र रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये एएमडीबरोबरचा करार सांगताना पुढच्या एक्सबॉक्सवर आत्ताच्या एक्सबॉक्स गेम चालतील असं म्हटलंय. सोनीनेही तेवढं तरी बोलावं.

ओंकार (सी-३०४): आणि कंट्रोलर! हॉल इफेक्ट स्टिक पाहिजेच. घासणारे भाग नाहीत, चुंबकावर चालते, आपोआप डावीकडे सरकायचा ताप नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट मशिनला गेल्या शतकात होती ती. अजून देत नाहीत म्हणजे कमाल आहे.

सिद्राम अण्णा (ए-३०३): ह्यात पोरगं बरोबर बोललं. स्टिक बदलायला माझ्याकडं आठवड्याला कुणी ना कुणी येतंय.

देशपांडे काका (ए-२०२): ती गाड्या चोरायची गेम येणार म्हणे. नातू म्हणत होता त्यासाठी नवीन मशिन लागणार.

शुभम (बी-४०३): जीटीए ६ ची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ दिलीय, आणि ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर केलीय. नवीन काही लागत नाही.

रेश्मा (सी-१०१): ती गेम कॉमन रूममध्ये अजिबात येणार नाही. आत्ताच लिहून घ्या.

कुलकर्णी वहिनी, खजिनदार (बी-१०२): लिहून घेतलं. डिस्कवाला पीएस५, दुसरा कंट्रोलर, स्टॅबिलायझर. ६०,००० च्या वर जाईल असं दिसतंय. तीन दुकानांची कोटेशन हवीत, त्याशिवाय चेक निघणार नाही. एक्झॉस्ट फॅनचं काय करायचं?

सिद्राम अण्णा (ए-३०३): फॅन माझ्याकडून. बिल नको. पण मशिन भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं आणि दुपारी बारा ते चार बंद. हे फळ्यावर लिहा.

ओंकार (सी-३०४): मी अजूनही म्हणतो थांबा. पण घेणारच असाल तर खोलीची किल्ली कुणाकडं?

चेअरमन काका (ए-१०१): किल्ली खजिनदारांकडे. शाळांच्या परीक्षा संपेपर्यंत कुलूप. बाकी विषय रविवारी अकराला, प्रत्यक्ष.