बेळगावात दोन दिवस नळ बंद : भरून ठेवायचं, पण किती?

शहापूरचा जावई :
उद्या नि परवा मोठ्या लाइनचं काम, नळाला पाणी नाही, असा निरोप गल्लीत फिरलाय. आज संध्याकाळी काय होणार ते ठरलेलंच आहे. पाणी सुटलं की घरोघरी मोटर. गच्चीवरची टाकी, मग पिंपं, मग बादल्या, शेवटी कुकरसुद्धा! मागल्या वेळी चढावरच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसत होता. माणशी दिवसाला 40 लिटर धरा. चार माणसांना दोन दिवसांचे 320. हजार लिटरची टाकी असताना आणखी भरायचं म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचं उपसायचं.

वडगावची वहिनी :
हिशोब कागदावर बरा दिसतोय, भावजी. आमच्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, वर तान्हं पोर. दुपट्यांनाच दोन बादल्या जातात. आणि दोन दिवस म्हणजे दोनच, हे लिहून कुणी दिलंय? काम संपलं तरी आधी वरच्या टाक्या भरायच्या, मग आमची गल्ली. हिडकल धरणाचं पाणी पंपानं चढवून आणतात, करंट गेला की अडलं. मी पिंप भरणारच. मोटर लावत नाही हो, आमच्याकडे नाहीच ती.

टिळकवाडीचा जुना :
मोटरीबद्दल आणखी एक. ती थेट नळाला जोडली की लाइन ओढली जाते, आणि पाइप कुठं फुटका असला तर शेजारच्या गटारातलंही आत येतं. म्हणून पाणी परत सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या मोरीत ओता, गढूळपणा गेला की मग घागर लावा. पिंपाला झाकण हवंच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. वहिनी, पिंप भरा, पण आठवड्याला घासून कोरडं करा.

खासबागची ताई :
आणि आड? 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते ते, टिळकवाडीत विहीर खणली होती; काँग्रेस विहीर म्हणतात ती. आम्ही काय केलं? परसातला आड बुजवून वर स्कूटर लावली. संडासाला, धुण्याला तेच पाणी चाललं असतं.

टिळकवाडीचा जुना :
धुण्याला होय. पिण्याला नको, शेजारी कुणाचा ना कुणाचा शोषखड्डा असतोच. घ्यायचंच झालं तर उकळूनच घ्या.

वडगावची वहिनी :
गॅस कोण भरणार?

शहापूरचा जावई :
पाणी सुटलंय. टोकाच्या घरातल्या आजींच्या दोन घागरी भरेपर्यंत कुणी मोटर लावायची नाही, असं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. तिघांनी अंगठा दिलाय. त्यातल्या एकाची मोटर आत्ता ऐकू येतेय.