प्रतिसाद: एका तासात १०, मग दोन तासांत हाफ मॅरेथॉन?

वर विचारलंय, दहा किलोमीटर साठ मिनिटांत होतात, तर हाफ (म्हणजे २१.१ किलोमीटर) दोन तासांत होईल ना? अहो, त्याच वेगाने कागदावरसुद्धा २ तास ६-७ मिनिटं होतात, आणि पाय तेवढंही ऐकणार नाहीत. पीटर रीगल या अमेरिकी इंजिनिअरचं १९७७ सालचं सूत्र आहे: नव्या अंतराला जुन्या अंतराने भागा, त्याचा १.०६ वा घात करा आणि त्याने आपल्या वेळेला गुणा. तुमचे साठ मिनिटं घातले की उत्तर येतं २ तास १२ मिनिटं. तेही सपाट रस्ता, बरी हवा आणि हाफपुरता सराव धरून!

आपल्या रत्नागिरीत यातलं काय मिळतं? दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, पेस आपोआप पडतो. भाट्याच्या पुळणीवर ओहोटीला लावलेली वेळ आरे-वारेच्या चढाला लावू नका. मी लावली होती. शेवटचे चार किलोमीटर चक्क चालत आलो (वाटेत शहाळं प्यायलो, ते वेगळं).

पहिल्या हाफला २:२० ते २:२५ तास धरा, सुरुवात किलोमीटरला ६:५० मिनिटांच्या आसपास. पंधरा किलोमीटरनंतर दम उरला तर पळा की जोरात. आणि शेजारच्या पंचविशीतल्या पोराचं घड्याळ बघू नका, माझी पन्नाशी उलटलीय, म्हणून सांगतो.