सॉफ्टबॉलचे आमचे सर: तुमच्या आठवणी इथे लिहा

या महिनाअखेरीस सर निवृत्त होत आहेत. कागदोपत्री ते नाशिकच्या आमच्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक, पण जिमखान्याच्या दारावरची ती पाटी आम्ही कुणी वाचलीच नाही. आमच्यासाठी ते सॉफ्टबॉलचे सर. नाशिकचा खेळ म्हटलं की लोकांना धावपटू कविता राऊत आठवते आणि ते योग्यच आहे. पण तीस-बत्तीस वर्षं एका मैदानावर रोज पहाटे एक माणूस मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होता, हेही कुठेतरी लिहिलेलं राहावं असं मला मनापासून वाटतं. समारंभात भाषणं होतीलच. इथे फक्त घडलेलं लिहा. पहिली मी.

पिचर, १९९३ ची बॅच, पंचवटी

आमची पहिली टीम. मी त्याआधी खो-खो खेळायचे. नावात सॉफ्ट आहे म्हणून निर्धास्त गेलो, तर बॉल हातात आला तो बारा इंच घेराचा, क्रिकेटच्या बॉलपेक्षा मोठा आणि चांगलाच टणक. सरांकडे सुतळीची एक दोरी होती, तिला दोन गाठी. पहिल्या गाठीला पिचरची, म्हणजे बॉल टाकणारीची, पाटी. दुसरी ६० फुटांवर, तिथे बेस. रोज सकाळी दोरी ताणायची, फक्की मारायची, मगच बॉलला हात लावायचा.

पिचिंगला हात खांद्यातून अख्खा गोल फिरतो आणि बॉल खालून, मांडीजवळून सुटतो. माझा हात दर वेळी मांडीवर आपटायचा. महिनाभर तिथे हिरवानिळा डाग होता. आईला वाटलं, हिला कॉलेजात कुणीतरी मारतंय. ती थेट ग्राउंडवर आली. सर तेव्हा प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे उकिडवे बसून माझे बॉल पकडत होते, कारण कॅचर अजून तयार झाली नव्हती. दिवसाला शंभर-दीडशे बॉल. वाइल्ड गेला की स्वतः उठून आणायचे आणि फक्त म्हणायचे, "मनगट उशिरा." आई अर्धा तास बघत उभी राहिली. घरी आल्यावर तिने मला खोबरेल तेल दिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला. तोवर मी पास होऊन गेले होते. सरांचं पोस्टकार्ड आलं: "आता हा कुठला खेळ म्हणून कुणी विचारलं तर सांग." अजून जपून ठेवलंय.

कॅचर, २००१

ताईंनी उकिडवं बसण्याचं लिहिलं, म्हणून माझंही. इंटरझोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या विभागांमधल्या स्पर्धेत, शेवटची, म्हणजे सातवी इनिंग, आम्ही एका रनने पुढे, त्यांच्या दोघी आउट, थर्ड बेसवर त्यांची रनर. तिसरा स्ट्राइक पडला आणि बॉल माझ्या मिटमधून, म्हणजे कॅचरच्या ग्लोव्हमधून, निसटला. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट होते, पण बॉल असा सुटला की तिला पळता येतं, हे मला पाठ होतं. तरी मी अंपायरकडे बघत उभी राहिले. मग घाईघाईत फर्स्टला केलेला थ्रो पार राइट फील्डमध्ये गेला. थर्डवरची रनर आत आली, रन बरोबरीत आले, आणि पुढच्या इनिंगमध्ये हरलो. एसटीत सिन्नर येईपर्यंत कुणी बोललं नाही. सर माझ्या शेजारी येऊन बसले, माझं मिट मागून घेतलं आणि सैल झालेली चामड्याची वादी नाशिक रोड येईपर्यंत ओवत बसले. गाठ आवळून मिट परत दिलं. "आता निसटणार नाही." मॅचबद्दल तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र पन्नास वेळा बॉल मुद्दाम पाडून पन्नास वेळा फर्स्टला थ्रो करायला लावला.

एका खेळाडूचे वडील, दिंडोरी तालुका

मला खेळातलं कळत नाही. आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी असते आणि कॉलेजच्या स्पर्धाही नेमक्या तेव्हाच. मुलीला पाठवणार नाही असं मी कळवलं होतं. सर मोटरसायकलवर घरी आले. मला वाटलं समजावतील. त्यांनी विचारलं, "अण्णा, किती ओळी राहिल्यात?" मी म्हटलं, चौदा. दुसऱ्या दिवशी रविवारी टीममधल्या नऊ मुली घेऊन आले. कात्री आम्ही त्यांच्या हाती दिली नाही, कारण काडीवरचा चुकीचा डोळा (कोंब) राखला तर वर्षाचं पीक जातं. पण काड्या वेचणं, छाटलेल्या डोळ्यांना पेस्ट लावणं हे सगळं त्यांनी केलं. सोमवारी माझी मुलगी मॅचला गेली. त्यानंतर तिला कधी अडवलं नाही.

राखीव खेळाडू, २००६

सगळे चांगलं लिहितायत, मी खरं लिहिते. मी तीन वर्षं राखीव होते. शेवटच्या वर्षी माझी बॅटिंग चांगली चालली होती, तरी सरांनी मला राइट फील्डला उभं केलं नाही. आपल्या शेजारी बसवून स्कोअरबुक हातात दिलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर: सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, चार म्हणजे सेकंड बेस, तीन म्हणजे फर्स्ट. ६-४-३ लिहिलं की डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघी आउट, डोळ्यासमोर उभा राहतो. स्ट्राइकआउटचा के, आणि बॅट न हलवता आउट झाली तर उलटा के. राग गिळून मी सगळं शिकले. पुढे त्याच्याच जोरावर मी स्पर्धांना स्कोअरर म्हणून जायला लागले, अजूनही जाते.

तरी मला वाटतं, त्या वर्षी मी खेळायला हवं होतं. मागच्या वर्षी सरांना तोंडावर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हो. चुकलं माझं." सरांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

प्रतिस्पर्धी कॉलेजची माजी कर्णधार

मी तुमच्यातली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे नऊ जणींत सहा ग्लोव्ह होते. सर त्यांच्या मुलींना सांगायचे, इनिंग संपली की ग्लोव्ह मैदानातच ठेवून या. आम्ही फील्डिंगला गेलो की ते घालायचो. त्यांच्याच ग्लोव्हनी आम्ही त्यांना एकदा हरवलंय.

१९९८ ची बॅच, शासकीय नोकरीत

पाच टक्के खेळाडू आरक्षणातून मला नोकरी लागली, ती सरांच्या फायलींमुळे. प्रमाणपत्र पडताळणीला मूळ नोंदी लागतात. संघाची यादी, ड्रॉ, निकालपत्रक, सगळ्याच्या झेरॉक्स सरांनी वर्षवार लावून ठेवल्या होत्या. २०१९ च्या पुरात, गोदेकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा, आमच्या घरात पाणी शिरलं आणि माझी सगळी प्रमाणपत्रं गेली. सरांचा आपणहून फोन आला: "तुझी फाइल माझ्याकडे आहे, काळजी करू नको."

सध्याची पिचर, दुसरं वर्ष

सगळ्या ताईंना नमस्कार. सरांना आता उकिडवं बसता येत नाही, दोन्ही गुडघे गेलेत. फक्कीची रिकामी बादली उलटी टाकून त्यावर बसतात आणि माझे बॉल पकडतात. वाइल्ड गेला तर आता मी पळते. "मनगट उशिरा" मात्र तसंच.

दोरी अजून तीच आहे. गेल्या आठवड्यात मी ती स्टीलच्या टेपने मोजून बघितली, तर पिचरच्या पाटीची ४३ फुटांची गाठ चार बोटं पुढे सरकलेली. सरांना दाखवली. त्यांनी गाठ सोडली आणि दोरी माझ्या हातात दिली. नवीन गाठ मी मारलीये, टेपने तीनदा मोजून.

सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा येतोय. ती मॅच आपल्या सगळ्यांबरोबर बघायची, असं सर म्हणालेत.

निरोपाच्या दिवशी सकाळी साडेसहाला माजी विरुद्ध आजी मॅच ठेवलीये. ताई, तुमच्याकडून पिचर आहेत, स्कोअररही आहेत. २००१ च्या कॅचर ताई, तुम्ही याल ना? ते मिट असेल तर घेऊन या, आमच्याकडे एकच आहे.