एलिनॉर इतकी ओळखीची का वाटते?

संधिकाल:
शर्ली जॅक्सन यांची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ (१९५९) ही कादंबरी मी नुकतीच वाचली. झपाटलेल्या वाड्याची गोष्ट म्हणून हाती घेतली होती, परंतु भीतीपेक्षा एलिनॉरच मनात घर करून राहिली आहे. बत्तीस वर्षांची ही स्त्री अकरा वर्षे आजारी आईची सेवा करते, त्यानंतर बहिणीच्या घरी बाळाच्या खोलीत खाटेवर झोपते आणि त्या वाड्यात राहायला जाताना निम्मी स्वतःची असलेली गाडीसुद्धा तिला गुपचूप न्यावी लागते. मीही काही वर्षे घरातल्या आजारपणातच काढली आहेत. शेवटी ती गाडी झाडावर घालते, तेव्हा मला धक्का बसला नाही. तिचे मन कळल्यासारखे वाटले आणि त्याचेच भय वाटते आहे. हे लेखिकेचे कौशल्य आहे, की मीच माझे दुःख तिच्यावर लादते आहे?

जुने_पान:
दोन्ही असावे. मला सर्वांत अधिक हलवून गेली ती चांदण्यांच्या पेल्याची गोष्ट. वाटेतल्या उपाहारगृहात एक लहान मुलगी, घरचा चांदण्या रंगवलेला पेला नाही म्हणून दूध पीत नाही, आणि एलिनॉर मनातल्या मनात तिला हट्ट सोडू नकोस असे सांगते. पुढे वाड्यात तिच्यासारखीच राहायला आलेली थिओडोरा तिच्या घराविषयी विचारते, तेव्हा वाटेत पाहिलेले दगडी सिंह आणि तोच पेला ती आपल्या नसलेल्या घरात मांडून दाखवते. हे खोटे बोलणे आहे खरे, पण सांगण्यासारखे स्वतःचे काहीच जवळ नसलेल्या माणसाचे ते खोटे आहे, आणि ते वाचताना मला तिचा एकदाही राग आला नाही.

उत्तररात्र:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. आपण तिच्या मनात इतके आत असतो, की ती हेकट आणि मत्सरीही आहे हे सहज विसरतो. तरीही एक प्रसंग मला विसरता येत नाही. आई वारली त्या रात्री तिने भिंतीवर ठोकून हाक मारली आणि आपण उठलो नाही, की जागे होऊन पुन्हा झोपलो, हा सल ती थिओडोराला सांगते. पुढे थिओडोरासोबत राहायला येण्याची इच्छाही बोलून दाखवते. त्यावर, नको असलेल्या ठिकाणी तू नेहमीच जातेस का, असे थिओडोरा विचारते, आणि आपण कुठेच कोणाला हव्या नव्हतो, असे एलिनॉर उत्तर देते. भिंतीवर तिचे नाव लिहून तिला घरी बोलावणारे ते एकटे घरच उरते, म्हणून त्याची हाक तिला गोड लागते.

संधिकाल, आपल्या भयाविषयी मात्र एवढे सांगावेसे वाटते, की शेवटच्या क्षणी एलिनॉरला केवळ सुटकेचा आनंद होत नाही. आपण हे का करतो आहोत, आपल्याला कोणी अडवत का नाही, हे प्रश्न आदळण्यापूर्वी तिच्या मनात स्पष्ट उमटतात. कृपया ते पान पुन्हा वाचावे. आणि हे भय पुस्तकापुरते नसेल, तर जवळच्या माणसाशी आजच बोलावे.

संधिकाल:
ते पान आताच पुन्हा वाचले. पहिल्या वेळी तिच्यासोबत वेगात असल्यासारखी मी ते प्रश्न ओलांडून गेले होते. बहिणीला फोन करते आहे.