कमी खर्चाचा डिजिटल पियानो: पट्ट्यांचा स्पर्श आधी पाहावा की आवाज?

प्रश्न

मी आतापर्यंत ६१ पट्ट्यांच्या, हलक्या स्प्रिंगच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर शिकत आलो आहे. दोन्ही हातांच्या अभिजात रचना वाजवू लागल्यापासून त्याची मर्यादा फार जाणवते. डाव्या हाताची साथ हळू ठेवावी आणि उजव्या हाताची चाल तिच्यावर उठून दिसावी, एवढी साधी गोष्टही त्यावर साधत नाही, कारण पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, हाताला प्रतिकाराचा काही अंदाजच मिळत नाही. शिक्षकांच्या खऱ्या पियानोवर बसलो की बोटे लवकर थकतात आणि घरी बसवलेले सगळे विस्कटते.

म्हणून ८८ पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शन (पट्टीला हातोडीचे वजन देणारी यंत्रणा) असलेला डिजिटल पियानो घ्यायचे ठरवले आहे. माझा विचार प्राथमिक श्रेणीपुरता मर्यादित आहे, आणि यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१०, कवाई ईएस१२० व कॅसिओ पीएक्स-एस११०० ही चार वाद्ये डोळ्यांसमोर आहेत. चारही थोडा थोडा वेळ वाजवून पाहिली. रोलँडच्या पट्ट्या मला सर्वांत भरीव वाटल्या, पण स्वतःच्या स्पीकरवर त्याचा आवाज कोंडल्यासारखा वाटला. कवाईचा आवाज गोल आणि उबदार वाटला, पट्ट्या मात्र थोड्या हलक्या. यामाहा दोन्ही बाबतींत मधले वाटले. कॅसिओ आकाराने सर्वांत सोयीचे आहे, परंतु पट्टीच्या आतल्या बाजूला बोट गेले की ती अचानक जड होते असे जाणवले. स्पर्श आणि आवाज यांपैकी कशाला अधिक महत्त्व द्यावे, आणि दुकानातल्या थोड्या वेळात नेमके काय तपासावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास मी आभारी राहीन. माझा बहुतेक सराव रात्री, हेडफोन लावून होतो.

पहिला प्रतिसाद

स्पर्श आधी, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज पुढे कधीही सुधारता येतो: चांगले हेडफोन लावता येतात, बाहेरचे स्पीकर जोडता येतात, यूएसबीच्या वायरने संगणक जोडून पियानोटेकसारख्या सॉफ्टवेअरचा आवाज वापरता येतो. पट्ट्यांची यंत्रणा मात्र विकत घेतली तशीच वाद्याच्या शेवटापर्यंत राहते, आणि बोटांना ज्या सवयी लागायच्या त्या तिच्यामुळेच लागतात.

खऱ्या पियानोत पट्टी दाबली की हातोडी वर फेकली जाते, आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी ती पट्टीपासून सुटून मोकळी होते. सुटताना तिचा जो वेग असतो त्यावर स्वर किती मोठा आणि किती उजळ वाजेल हे ठरते. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी स्वरात फरक पडत नाही. डिजिटल पियानोत तारा नसतात. तेथे पट्टीच्या मार्गात बसवलेले सेन्सर एकामागून एक दाबले जातात, त्यांच्यामधल्या वेळावरून वेग मोजला जातो आणि त्याला मिडीच्या (डिजिटल वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या) भाषेत १ ते १२७ यांमधला एक आकडा मिळतो. आत बसवलेल्या हातोड्यांचे काम बोटाला वजन जाणवून देण्यापुरतेच असते. त्यामुळे वजन आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

मोजणीच्या बाबतीत रोलँड एफपी-१० मधील पीएचए-४ ही यंत्रणा या श्रेणीत उठून दिसते, कारण तिच्यात तीन सेन्सर आहेत. दोनच सेन्सर असले की तोच स्वर पुन्हा वाजवण्यासाठी पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. तिसरा सेन्सर असला की ती अर्ध्यावरून पुन्हा दाबली तरी स्वर उमटतो. एकच स्वर भरभर आणि हलक्या हाताने वाजवायचा असेल तेव्हा हा फरक लगेच कळतो. शिवाय पट्टी अगदी सावकाश दाबली तर तळाच्या थोडे आधी बारीकशी खाच लागते. खऱ्या ग्रँड पियानोत हातोडी सुटतानाची जी जाणीव असते तिचे ते अनुकरण आहे. ती खाच मला स्वतःला फारशी महत्त्वाची वाटत नाही, तिसरा सेन्सर मात्र वाटतो.

कॅसिओबद्दल तुम्हाला जे जाणवले ते खरे आहे आणि त्याला कारण आहे. पट्टी म्हणजे तरफ असते. तिचा टेकू जितका मागे असेल तितकी ती पुढे आणि आत सारखीच सहज दबते. टेकू पुढे आला की आतल्या बाजूला बोटाला जास्त जोर लावावा लागतो. पीएक्स-एस११०० ची खोली अवघी २३.२ सेंटिमीटर आहे. एवढ्या जागेत पट्टी फार मागपर्यंत लांबवता येत नाही. प्रत्येक पट्टीच्या प्रतिसादातील फरक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सारखा करण्याचा प्रयत्न कॅसिओने केला आहे, पण तो उमटणाऱ्या स्वरापुरता. बोटाला जाणवणारा जोर त्याने बदलत नाही. सुरुवातीच्या रचनांमध्ये बोटे पट्टीच्या पुढच्या टोकाजवळ राहतात, त्यामुळे अडचण होत नाही. काळ्या पट्ट्या जास्त असलेल्या रचनांकडे वळलात की हात आपोआप आत सरकतो, आणि अंगठा दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या पट्टीवर ठेवावा लागतो. तेव्हा हे रोज जाणवेल. हा दोष कमी-अधिक प्रमाणात या श्रेणीतील सर्वच वाद्यांत आहे, परंतु सडपातळ वाद्यांत अधिक.

यामाहा पी-१४५ मधली जीएचसी यंत्रणा जुन्या पी-४५ मधल्या जीएचएस यंत्रणेच्या जागी आली. दोन्हींत खर्जाच्या पट्ट्या जड आणि तार सप्तकाच्या हलक्या असा क्रम ठेवलेला आहे, जसा खऱ्या पियानोत मोठ्या आणि लहान हातोड्यांमुळे असतो. एक मुद्दा लक्षात असू द्यावा: पट्टी जड आहे म्हणून ती चांगली आहे असे समजू नये. खऱ्या ग्रँड पियानोची मधली पट्टी साधारण ५० ग्रॅम वजनाने खाली जाऊ लागते, आणि काही स्वस्त वाद्यांच्या पट्ट्या त्याहून जड आणि परत वर यायला मंद असतात. पट्टी सोडल्यावर ती बोटाबरोबर वर येते की मागे रेंगाळते, हे दाबण्याच्या वजनाइतकेच बारकाईने पाहा.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील यंत्रणेचे वर्णन अचूक आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. स्पर्श आणि आवाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे धरून निवड केली की फसगत होते, कारण पट्टी जड आहे की हलकी हे बोटाबरोबर कानही ठरवतो. तीच पट्टी आवाज कमी करून वाजवली की जड वाटते, कारण अपेक्षित स्वर मिळवण्यासाठी आपण नकळत जोर वाढवतो. आवाज वाढवला किंवा अधिक उजळ पियानो निवडला की तीच हलकी वाटू लागते. तुम्हाला कवाईच्या पट्ट्या हलक्या वाटल्या, त्यात त्या वाद्यातल्या दहा-दहा वॅटच्या दोन स्पीकरचाही वाटा असू शकतो. एफपी-१० मध्ये सहा-सहा वॅटचे दोन आहेत. तुम्ही रात्री हेडफोनवरच वाजवणार असाल तर स्पीकरवरून केलेली तुलना तुमच्या फारशी उपयोगाची नाही. स्वतःचे हेडफोन बरोबर न्या आणि चारही वाद्ये त्याच हेडफोनवर, कानाला साधारण सारख्या वाटणाऱ्या पातळीवर पुन्हा ऐका.

आवाजात काय ऐकावे, हेही सांगतो. मध्य सप्तकातील एकच स्वर अगदी हळू आवाजापासून जोरापर्यंत पायरीपायरीने वाढवत न्या. चांगल्या वाद्यात स्वर मोठा होता होता त्याचा रंगही बदलतो, तो उजळ आणि टोकदार होत जातो. साध्या वाद्यात आवाज तेवढा वाढतो आणि रंग तोच राहतो, किंवा एका ठिकाणी रंग झटक्यात बदलतो. वाद्यात साठवलेल्या, वेगवेगळ्या जोराच्या ध्वनिमुद्रणांमधला सांधा तेथे उघडा पडतो. तुमची मूळ तक्रार साथ आणि चाल वेगळी ऐकू येत नाही ही आहे. ती केवळ आवाजाच्या पातळीने सुटत नाही, रंगाचा फरकही तितकाच लागतो. त्यामुळे मी ही परीक्षा सर्वांत वर ठेवीन.

त्यानंतर खर्जातला एक स्वर पायाचे पेडल दाबून वाजवा आणि त्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) संपेपर्यंत ऐकत राहा. खऱ्या पियानोत तो स्वर बराच वेळ हळूहळू विरतो आणि विरताना आतल्या आत हलत राहतो. वाद्याची मेमरी वाचवण्यासाठी ध्वनिमुद्रणाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलेला असेल, तर थोड्या वेळाने आवाज सपाट होतो आणि एकसारखा स्पंदत राहतो. मग उजव्या हाताने एक स्वरमेळ आवाज न करता दाबून धरा आणि डाव्या हाताने खालचा एखादा संबंधित स्वर झटकन वाजवून सोडा. धरलेल्या स्वरांतून गुंजन ऐकू आले तर तारांचे परस्पर अनुनादही त्या वाद्यात घेतले आहेत असे समजावे.

पॉलिफोनीचा, म्हणजे एकाच वेळी किती स्वर वाजू शकतात याचा, आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, पण त्याचे महत्त्व एका मर्यादेपर्यंतच आहे. पी-१४५ मध्ये ६४, एफपी-१० मध्ये ९६ आणि कवाई व कॅसिओ यांच्यात १९२ आहे. डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचे मुद्रण असेल तर एका स्वराला दोन जागा लागू शकतात, म्हणजे ६४ चे प्रत्यक्षात ३२ स्वर उरतात. पेडल धरून लांबलचक स्वरमाला वाजवल्या की सर्वांत जुने स्वर मध्येच तुटू शकतात. तुमच्या टप्प्यावर हे क्वचित घडेल, म्हणून केवळ या आकड्यासाठी वाद्य नाकारू नये.

आवाज नंतर संगणकावरून बदलता येतो हे खरे आहे, पण रोज सरावाला बसताना संगणक चालू करावा, वायर जोडावी, वाद्याचा स्वतःचा आवाज बंद करण्यासाठी लोकल कंट्रोल बंद करावा आणि पट्टी दाबल्यापासून स्वर येईपर्यंतचा विलंब जाणवणार नाही अशी जुळणी करावी, इतके सारे किती जण नियमितपणे करतात? वाद्याचा मूळ आवाजच ऐकावासा वाटला पाहिजे, तरच माणूस अर्धा तास जास्त बसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हेडफोनवर पुन्हा तुलना करण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. पहिली, सोबत मिळणारे छोटे चौकोनी पेडल पुरेसे आहे का? दुसरी, हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धडधड खालच्या मजल्यावर ऐकू जाते असे कोणी म्हणाले. ते कितपत खरे आहे?

तिसरा प्रतिसाद

धडधड खरी आहे. आतल्या हातोड्या आणि पट्ट्या तळाशी आपटतात, तो धक्का स्टँडमधून थेट जमिनीत जातो, आणि वरच्या हवेत काही ऐकू येत नसले तरी खालच्या खोलीत ठोके उमटतात. स्टँडच्या पायांखाली जाड, दाट रबराचे तुकडे आणि त्यांखाली गालिचा ठेवला तर बराच फरक पडतो. पातळ फोमचा उपयोग होत नाही, तो वजनाने चेपून कडक होतो. ईएस१२० मधल्या आरएचसी यंत्रणेत कवाईने हा आवाज कमी करण्यासाठी आतली गादी सुधारली आहे. तुमच्या रात्रीच्या सरावासाठी हा मुद्दा मला तिसऱ्या सेन्सरपेक्षाही मोठा वाटतो. दुकानात वाद्य बंद ठेवून जोरात वाजवून पाहा. नुसता खडखडाट किती होतो हे तेव्हाच नीट कळते.

पेडलविषयी: पी-१४५ आणि पीएक्स-एस११०० यांच्यासोबत येणारे पेडल चालू-बंद प्रकारचे आहे, म्हणजे दाबले तर पूर्ण आस, सोडले तर काही नाही. खऱ्या पियानोत पेडल अर्धे दाबून तारांचा नाद थांबवणारे नमदे त्यांवर नुसते टेकवता येतात, त्यामुळे खर्ज घुमत राहतो आणि वरचे स्वर स्वच्छ होतात. ईएस१२० सोबतचे एफ-१०एच पेडल ही अर्धी स्थिती ओळखते. बाकीच्यांसाठी वेगळे पेडल घेण्याआधी ते त्या वाद्याच्या पुस्तिकेत दिलेले आहे का ते पाहावे, कारण निरनिराळ्या कंपन्यांची पेडले एकमेकांत उलटी चालण्याची शक्यता असते: दाबल्यावर आस थांबते आणि सोडल्यावर सुरू होते. पेडल जमिनीवर सरकू नये म्हणून त्याखाली खडबडीत चटई टाका.

तुमची वर्णने वाचून मी ईएस१२० आणि एफपी-१० या दोनच वाद्यांत निवड करीन. आवाज तुम्हाला कवाईचा आवडला आहे, सराव रात्रीचा आहे आणि अर्धी स्थिती ओळखणारे पेडलही त्या वाद्यासोबतच मिळते. शिक्षकांच्या पियानोवर गेल्यावर बोटे थकणे हीच तुमची मुख्य अडचण असेल आणि खालच्या मजल्याची चिंता रबराने मिटत असेल, तर एफपी-१० घ्यावे व त्याच्या स्पीकरकडे दुर्लक्ष करावे. मात्र एफपी-१० ला हेडफोनच्या खाचेशिवाय वेगळा लाइन आउट (बाहेरच्या स्पीकरसाठीची जोडणी) नाही. पुढे बाहेरचे स्पीकर जोडायचे झाल्यास त्याच खाचेतून जोडावे लागतील. वेगळा लाइन आउट हवा असेल तर तीच पीएचए-४ यंत्रणा असलेले आणि अकरा-अकरा वॅटच्या स्पीकरचे एफपी-३०एक्सही एकदा वाजवून पाहा. मात्र ते १४.८ किलोचे आहे. वाद्य रोज उचलून ठेवायचे असेल तर एफपी-१० चे १२.३ किलोच बरे पडतील.